‘द रेड व्हायोलिन’च्या शेवटी मॉरिट्झने केलेली अदलाबदल तुम्हाला पटते का?

शेवट उघड केल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, म्हणून ज्यांनी फ्रांस्वा जिरार यांचा १९९८चा हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढे वाचू नये.

माझे उत्तर असे, की अदलाबदल कथेच्या रचनेत चपखल बसते, पण मला ती पटत नाही.

चपखल बसते, कारण १६८१मध्ये इटलीतल्या क्रेमोनात घडवलेले हे व्हायोलिन रीतसर खरेदी-विक्रीने क्वचितच कोणाकडे गेले आहे. ते अनाथाश्रमात राहते, व्हिएन्नात मरण पावलेल्या बालवादकाबरोबर पुरले जाते, थडगे उकरून बाहेर काढले जाते, ऑक्सफर्डला पोहोचते, मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा नोकर ते शांघायला नेतो. (ऑक्सफर्डचा भाग मला चित्रपटातला सर्वांत कच्चा वाटतो, तिथे वाद्यापेक्षा शृंगारच अधिक वाजतो.) त्यामुळे मॉन्ट्रियलच्या लिलावगृहात हातोडा पडण्याआधी वाद्यतज्ज्ञ मॉरिट्झ खऱ्या व्हायोलिनच्या जागी नक्कल ठेवतो, तेव्हा तो या परंपरेतलाच एक दुवा ठरतो. शिवाय व्हायोलिनच्या लाल रंगात ते घडवणाऱ्या बुसोत्ती या कारागिराच्या मृत पत्नीचे रक्त आहे, हे गुपित त्याला उमगलेले असते. बुसोत्तीने ते आपल्या होणाऱ्या बाळासाठी घडवले होते आणि मॉरिट्झ ते स्वतःच्या मुलीसाठी नेतो, हा धागाही दिग्दर्शकाने नीट जुळवला आहे.

पुण्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींत हा विषय निघाला, की बहुतेकांचा कल मॉरिट्झकडे असतो. वाद्य वाजत्या हाती जावे, असे त्यांचे म्हणणे. गुरूंचा तंबोरा शिष्याकडे जातो तेव्हा त्याची किंमत कोणी काढत नाही, आणि बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात मूक होऊन बसलेली वाद्ये पाहिली, की ही भावना मलाही समजते. पण तो युक्तिवाद इथे लागू पडत नाही. लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा रुसेल्स्की स्वतः मैफलींत वाजवणारा नामांकित वादक आहे; त्याच्याकडे गेले असते तर व्हायोलिन वाजलेच असते.

मला खरी टोचणी लागते ती मिंगची. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पाश्चात्त्य वाद्य घरात सापडणे हाच गुन्हा होता, तरी शांघायची शियांग पेई आईने दिलेले ते व्हायोलिन वाचवते आणि अखेर एका संगीतशिक्षकाच्या स्वाधीन करते. तिचा मुलगा मिंग लिलावात बसलेला आहे. या वाद्यासाठी ज्या घराने खरी जोखीम पत्करली, त्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि मॉरिट्झच्या मुलीचा आवाज दूरध्वनीवर ऐकवून दिग्दर्शक आपल्याला ते विसरायला लावतो. ही मला थोडी लबाडी वाटते.

प्रत्यक्षातला दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. जॉन कोरिल्यानो यांच्या संगीताला या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले आणि पडद्यावरचे व्हायोलिन वाजवले जोशुआ बेल यांनी. बेल यांनी २००१मध्ये घेतलेले १७१३चे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन १९३६मध्ये व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव ह्युबरमन यांच्याकडून न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून चोरीला गेले होते. ते ज्याच्याकडे होते, त्या ज्युलियन ऑल्टमनने सुमारे पन्नास वर्षे ते वाजवले आणि मरणाच्या दारात असताना पत्नीला खरे सांगितले. म्हणजे वाद्य वाजत्या हातीच होते. तरीही ह्युबरमन १९४७मध्ये वारले, ते त्यांचे व्हायोलिन त्यांना पुन्हा दिसल्याशिवायच.