तिसऱ्या रात्री सलाईन उपटणारे काका

प्रश्न : डॉक्टर, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑर्थोच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेले एक काका होते. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, अंगावर किडे चढताहेत म्हणत त्यांनी सलाईन उपटली. ‘बेवडा आहे, बांधून ठेवा’ एवढंच कानावर पडलं. मानसोपचाराची पोस्टिंग जेमतेम. मग व्यसनाचा रुग्ण ओळखायला आम्ही शिकायचं कुठे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : त्याच वॉर्डात. व्यसनी माणूस आमच्या मानसोपचाराच्या ओपीडीत फार उशिरा येतो. त्याआधी पाय मोडून, कावीळ होऊन, रक्ताची उलटी होऊन तो तुमच्याकडे आलेला असतो. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळालेला दिसला.

काकांची ती रात्र भरतीच्या दिवशीच ओळखता आली असती, याचं मला फार वाईट वाटतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांतच थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम. वेळेवर लोराझेपामसारखं औषध आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळालं, तर बहुतेकदा हे टळतं. नाही तर जीवही जातो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी हिस्टरी घ्यायला बसवते. ‘दारू पिता का?’ विचारलं की ‘कधीतरी’ असंच उत्तर येतं. ‘शेवटची कधी घेतली? सकाळी घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबते का?’ असं विचारा. नातेवाइकांना बाहेर थांबवून, हळू आवाजात. ‘एक क्वार्टर’ म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल, हे डोक्यात पक्कं हवं. बायकांनाही विचारा. मिश्रीबद्दल त्यांना कुणी विचारतच नाही!

सुट्टीच्या दिवशी अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या खुल्या सभेत जाऊन बसा. वर्षानुवर्षं न पिता राहिलेली माणसं तिथे भेटतात. ती पाहिल्याशिवाय आपल्याच उपचारांवर विश्वास बसत नाही.

काका अजून भरती असतील, तर घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागाला बोलवायला वरिष्ठांना सांगा. घरचे ‘चहात मिसळायची पावडर’ मागतील, माझ्याकडेही मागतात. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असू शकतं. ते नकळत दिलं आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं, हे काकूंना जवळ बसवून नीट समजावा.