नवा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर घेताना वॅटचा आकडा किती मोलाचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुना ४० वॅटचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर (व्हॉल्यूम, इनपुट निवड आणि स्पीकर चालवणारी शक्ती एकाच पेटीत असलेला) व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखरतो, स्पीकर ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे (म्हणजे ठरावीक विजेला किती मोठा आवाज देतात त्याचे माप) व ४ ओहम रोधाचे आहेत, सोबत रेकॉर्ड प्लेअर आहे, तर परिचितांच्या सल्ल्याप्रमाणे १०० वॅटचा नवा ॲम्प्लिफायर घेतल्यास आवाज सुधारेल का? नवा घ्यायला माझी हरकत नाही. मात्र तो १०० या आकड्यासाठी घेऊ नये.

आधी त्या खरखरीविषयी. बटण फिरवतानाच खरखर होत असेल आणि एरवी आवाज स्वच्छ असेल, तर दोष बहुधा बटणामागच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या रोधकामध्ये) साचलेल्या धुळीचा किंवा त्याच्या झिजेचा असतो आणि तो साफ करून किंवा बदलून दूर होतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

आता वॅटचा हिशेब. स्पीकरची संवेदनशीलता बहुतेक कंपन्या २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टेजला १ वॅट खर्च होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २ वॅट होतात. त्यामुळे आपल्या माहितीपत्रकातला ८६ हा आकडा तसा मोजलेला असेल, तर १ वॅटला प्रत्यक्षात ८३ डेसिबलच धरावेत. तीन मीटरवर बसून, दोन्ही स्पीकर वाजत असताना, साधारण खोलीत प्रत्येकी १ वॅटला ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो आणि घरी निवांत ऐकायला तेवढा पुष्कळ होतो. संगीतातले क्षणिक उठाव सरासरीपेक्षा दहा ते वीस डेसिबल वर जातात, म्हणून वॅटची शिल्लक लागते हे खरे. पण वॅट दुप्पट केल्यावर ३ डेसिबलच वाढतात आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ४० वरून १०० वर गेल्याने हाती येतात ते अवघे ४ डेसिबल.

आपल्या बाबतीत खरा प्रश्न ४ ओहमचा आहे. ४ ओहम हे स्पीकरच्या रोधाचे ढोबळ मूल्य असते. काही वारंवारितांना त्याचा रोध त्याहूनही खाली उतरतो आणि तेथे ॲम्प्लिफायरला मुबलक विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. १९७८ साली बाजारात आलेला एनएडी कंपनीचा ३०२० हा ॲम्प्लिफायर याचा नेहमी दिला जाणारा दाखला आहे: कागदावर फक्त २० वॅट, तरीही अवघड स्पीकर निभावून नेण्याबद्दल त्याचे नाव झाले. म्हणून माहितीपत्रकात ८ आणि ४ ओहम हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८० वॅट देणारा ॲम्प्लिफायर आपल्या उपयोगाचा आहे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर मी तरी तो घेणार नाही. हे वॅट डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून, २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात आणि किती विकृतीला (मूळ संकेतात होणाऱ्या बिघाडाला) मोजले आहेत, हेही पाहावे. लहान आकाराच्या काही क्लास-डी (वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरवरचा भलामोठा आकडा १० टक्के विकृतीला मोजलेला असतो, आणि इतकी विकृती सहज ऐकू येते. यात क्लास-डीचा दोष नाही. चांगला क्लास-डी ॲम्प्लिफायर कमी तापतो आणि उत्तम वाजतो. (त्यातला ‘डी’ डिजिटलचा, ही समजूत मात्र चुकीची आहे.)

दुकानात किंवा घरी दोन ॲम्प्लिफायर ताडून पाहताना माझी जी फसगत झाली, ती आपली होऊ नये म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी जुन्याशेजारी नवा ॲम्प्लिफायर ठेवून संध्याकाळभर ऐकले आणि नव्याचा आवाज अधिक मोकळा, गायकाचा श्वास अधिक जवळचा, असा निर्वाळा देऊन टाकला. नंतर शंका आली म्हणून १०० हर्ट्झचा एकच सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर टेकवला (साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारितांना नीट मोजत नाहीत, म्हणून सूर खालचा घेतला): जुन्यावर २.० व्होल्ट, नव्यावर २.५. म्हणजे नवा जवळजवळ २ डेसिबलने मोठा वाजत होता, आणि एवढासा मोठेपणा कानाला मोठेपणा वाटत नाही, गुणवत्ता वाटतो. दोन्ही २.०० व्होल्टवर आणल्यावर तो मोकळेपणा कुठच्या कुठे गेला. फरक उरला तो फक्त वाद्यवृंदाच्या भरगच्च जागी, मोठ्या आवाजात, जिथे जुना घुसमटत होता. नवा मी ठेवला, पण ज्या कारणाने आवडला होता त्या कारणासाठी नव्हे.

रेकॉर्ड प्लेअर असल्याने फोनो इनपुटकडे (प्लेअरचा क्षीण संकेत वाढवून घेणाऱ्या जोडणीकडे) नीट लक्ष द्यावे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या काडतुसाचा (सुई बसवलेल्या भागाचा) संकेत सुमारे ५ मिलिव्होल्टचा असतो व त्याला ४७ किलोओहमचे इनपुट लागते. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारच्या काडतुसाचा संकेत बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतो. नुसते ‘फोनो’ असे लिहिलेले असेल, तर ते बहुतेक वेळा पहिल्या प्रकारापुरतेच असते. प्लेअरमध्येच फोनो प्रीॲम्प असेल, तर तो प्रीॲम्प बंद करावा किंवा प्लेअर साध्या लाइन इनपुटला जोडावा. दोन्ही एकामागोमाग लागले तर आवाज फाटतो आणि खर्ज बेसुमार फुगतो.

ब्लूटूथ आणि स्ट्रीमिंग आतच असण्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण ॲम्प्लिफायर वीस वर्षे टिकला तरी ॲप आणि सेवा तेवढ्या टिकत नाहीत. हा भाग बाहेरच्या, बदलता येणाऱ्या पेटीत असलेला बरा. डँपिंग फॅक्टरच्या (स्पीकरची हालचाल ॲम्प्लिफायर किती काबूत ठेवतो याच्या मापाच्या) चार आकडी संख्यांकडेही दुर्लक्ष करावे: स्पीकरच्या गुंडाळीचा स्वतःचाच रोध काही ओहम असल्याने त्या संख्येचा प्रत्यक्षात उपयोग उरत नाही. बास-ट्रेबलची बटणे मात्र मी आवर्जून मागेन, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो.

कायमचा ठेवून घेण्याआधी एक तपासणी अवश्य करावी, जी दुकानाच्या गलबल्यात होत नाही. म्हणून परत करण्याची मुदत विचारून यंत्र घरी आणावे. रात्री सामसूम झाल्यावर मधोमध बसून एकट्या गायकाचे रेकॉर्डिंग लावावे आणि आवाज हळूहळू अगदी कमी करत न्यावा. साध्या पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्या दोन बाजू तळाशी सारख्या चालत नाहीत, त्यामुळे गायक मध्यावरून एका स्पीकरकडे सरकू लागतो. आपण रोज ऐकता त्या पातळीवर तो सरकत असेल, तर वॅट कितीही असोत, ते यंत्र मुदतीच्या आत परत करावे.