पैगंबरांनंतर अलींना बाजूला ठेवलं गेलं, ते अरबांच्या टोळीपद्धतीमुळे का?

तुमचा प्रश्न असा: मुहंमद पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई असूनही अली पहिले खलिफा झाले नाहीत, कारण अरब टोळ्यांमध्ये गादी वारसाहक्काने जात नसे, असं तुम्ही वाचलंय. हे खरं का?

अर्धंच खरं आहे. राजपुत्र, युवराज हा प्रकार मक्का-मदिनेकडे नव्हता. पण म्हणून घराण्याला किंमत नव्हती, असं मुळीच नाही. पैगंबरांच्याच बनू हाशिम कुळाकडे बघा. हाशिम वारले तेव्हा मुलगा लहान, म्हणून कारभार भावाकडे, मुत्तलिबकडे गेला. मग तो मुलगा, म्हणजे अब्दुल मुत्तलिब, मोठा होऊन प्रमुख झाला. त्यांच्यामागे काही काळाने मुलगा अबू तालिब, आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा नव्हे तर भाऊ अबू लहब. म्हणजे घर ठरलेलं, माणूस ठरलेला नाही. वय, दातृत्व, शब्दाला असलेलं वजन बघून जाणती मंडळी त्याला मानत.

आणि हे पद नुसतं मानाचं नव्हतं. अबू तालिब इस्लाममध्ये आले नाहीत, असं सुन्नी परंपरा मानते, तरी पुतण्याच्या पाठीशी ते शेवटपर्यंत उभे राहिले. अबू लहब प्रमुख झाला आणि ते छत्र गेलं. ताइफहून परतताना मक्केत शिरायला पैगंबरांना मुतइम बिन अदी या दुसऱ्या कुळाच्या, मुस्लिम नसलेल्या प्रमुखाचं अभय घ्यावं लागलं. पाठीशी कुळ नसेल तर तिथे जिवाची शाश्वती नव्हती.

या रीतीने अलींचं माप घेतलं तर घराणं त्यांच्या बाजूने आणि वय विरोधात. 632 साली, पैगंबर वारले तेव्हा, ते तिशीच्या आसपास होते, पहिले खलिफा झालेले अबू बक्र साठीच्या. त्यामुळे टोळीची रीत तुम्ही दोन्ही बाजूंनी वापरू शकता, आणि लोकांनी ती वापरलीही.

खरा निकाल लागला तो जून 632 मध्ये, मदिनेतल्या बनू साइदा कुळाच्या सकीफ्यात, म्हणजे छपराखालच्या बैठकीच्या जागेत. पैगंबरांचं दफन अजून व्हायचं होतं, आणि अली व घरची माणसं त्याच तयारीत होती. इकडे मदिनेचे अन्सार, म्हणजे पैगंबरांना आसरा देणारे तिथले मुस्लिम, जमले होते. खझरज टोळीचे प्रमुख सअद बिन उबादा आजारी, पांघरूण लपेटून बसलेले, आणि त्यांनाच नेता करायचं चाललेलं. बातमी लागताच अबू बक्र, उमर आणि अबू उबैदा तिथे पोचले. मक्केहून आलेल्यांपैकी प्रमुख म्हणावेत असे तिथे हे तिघेच.

अन्सारांपैकी हुबाब बिन मुंझिर म्हणाले, एक अमीर (नेता) आमचा, एक तुमचा. अबू बक्रांनी अन्सारांची सेवा नाकारली नाही. पण अरब कुरैशांखेरीज, म्हणजे पैगंबरांच्या मक्केतल्या टोळीखेरीज, कुणाला मानणार नाहीत, हा मुद्दा पुढे केला. धर्माच्या इतक्या मोठ्या प्रश्नावरचा हा युक्तिवाद निव्वळ टोळीच्या हिशेबाचा आहे!

आता अन्सार का फुटले ते बघा. मदिनेत औस आणि खझरज या दोन टोळ्यांचं जुनं हाडवैर. बुआसची लढाई होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. खझरजचा माणूस वर बसणार म्हटल्यावर औसच्या उसैद बिन हुदैर यांना बाहेरचा कुरैशी परवडला. आणि खुद्द खझरजमधून बशीर बिन सअद यांनी आपल्याच भाऊबंदाला सोडून अबू बक्रांच्या हातावर हात ठेवला. भाऊबंदकी म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या गर्दीत सअद पायदळी येता येता राहिले. त्यांनी अबू बक्रांना बैअत (निष्ठेची शपथ) दिलीच नाही, असं बहुतेक वृत्तांत सांगतात. पुढे उमर स्वतः म्हणाले की ती निवड घाईगर्दीत झाली होती, देवाने तिच्या अनिष्टातून वाचवलं.

अबू बक्रांचं बनू तैम कुळ कुरैशांमध्ये लहानसं. मला यातच बरंचसं उत्तर दिसतं. बलाढ्य कुळं एकमेकांना वर चढू देत नाहीत, तेव्हा ज्याच्या कुळाची कुणाला धास्ती नाही असा ज्येष्ठ माणूस चालून जातो. बलाढ्य उमय्या कुळातल्या अबू सुफ्यान यांनी तर चिडून विचारल्याचं इतिहासकार तबरी नोंदवतो की ही सत्ता कुरैशांच्या सगळ्यात किरकोळ कुळात कशी गेली? हाच तबरी उमर आणि पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांचा एक संवादही देतो: पैगंबरीही बनू हाशिमची आणि सत्ताही त्यांचीच, हे कुरैशांना रुचलं नाही, असं उमर त्यात सांगतात. हे ग्रंथ घटनांनंतर दीड-दोनशे वर्षांनी किंवा त्याहून उशिरा लिहिले गेलेत आणि प्रत्येक सांगणाऱ्याचा पक्ष आहे, एवढं मात्र लक्षात ठेवून वाचा.

नुसत्या टोळीवर सगळं ढकललं तर अबू बक्रांवर अन्याय होईल. हिजरतीत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाताना, पैगंबरांबरोबर तेच होते आणि शेवटच्या आजारपणात नमाज पढवायला त्यांनाच सांगितलं गेलं. सुन्नींना हा संकेत पुरेसा वाटतो. शियांसाठी निधनाच्या तीन महिने आधी गदीर खुम्म इथे पैगंबरांनी अलींचा हात धरून केलेली घोषणा हीच नेमणूक आहे. ती घोषणा सुन्नीही मान्य करतात, तिचा अर्थ वेगळा लावतात. तो वाद इथे सुटायचा नाही.

मदिनेबाहेरच्या टोळ्यांनी तर आणखी वेगळा अर्थ घेतला. करार पैगंबरांशी होता, माणूस गेला, करार संपला. आता जकात कसली? रिद्दाची, म्हणजे फुटून निघालेल्या टोळ्यांशी झालेली, युद्धं यातूनच पेटली. पैगंबरीचा दावा करणाऱ्या मुसैलिमाला मानणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडी वाक्य आहे की रबिआचा खोटारडा आम्हाला मुदरच्या खऱ्यापेक्षा प्रिय आहे. रबिआ म्हणजे त्याचा स्वतःचा वंशगट, मुदर हा कुरैशांचा.

पुढच्या निवडीही एका साच्यातल्या नाहीत. उमरना अबू बक्रांनी नेमलं, उस्मान 644 मध्ये सहा जणांच्या शूरेतून (सल्लामंडळातून) आले. अलींना 656 मध्ये सत्ता मिळाली ती उस्मानांच्या खुनानंतर, आणि सीरियाचे सुभेदार मुआवियांनी त्यांच्याविरुद्ध जे हत्यार उपसलं ते अस्सल टोळीचं होतं: मी उस्मानांचा आप्त, खुनाचा बदला मागणं माझा हक्क. दमास्कसच्या मशिदीत उस्मानांचा रक्ताळलेला सदरा लोकांना दाखवला जात होता.

बापामागून मुलगा ही पद्धत याच मुआवियांनी यझीदला नेमून आणली. त्यावर अबू बक्रांचे पुत्र अब्दुर्रहमान भडकले, की ही तर कैसरांची (रोमी सम्राटांची) रीत झाली! पण ती रीतही लगेच रुजली नाही. 684 मध्ये यझीदचा मुलगा दुसरा मुआविया काही महिन्यांतच वारला. त्याचा भाऊ खालिद पोरसवदा होता, आणि मक्केत साठीला आलेले इब्न झुबैर खिलाफतीवर दावा सांगत होते. त्यांच्यासमोर पोर उभं करायचं का, असं म्हणत जाबिया इथे जमलेल्या सीरियातल्या सरदारांनी खालिदला मागे ठेवलं आणि उमय्यांच्याच दुसऱ्या शाखेतल्या, साठीच्या मरवानला निवडलं. मरवानने मात्र वर्षभरातच खालिदला डावलून आपल्या दोन मुलांची नावं वारस म्हणून जाहीर केली.