कमी पैशांत ऑफिसचे कपडे

प्रश्न : पहिलीच नोकरी आहे. रोज फॉर्मल कपडे लागतात, पण हातात पैसे बेताचेच. सुरुवातीला काय घ्यावं?

उत्तर : २ पँट आणि ४ शर्ट घ्या. प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर चालणारा असला, की ८ जोड्या होतात. पँट नेव्ही आणि राखाडी घ्या. काळी सगळे सुचवतात, पण तिच्यावर धूळ-धागे लगेच दिसतात आणि सुती असेल तर धुऊन विटते. शर्ट पांढरा, फिकट निळा, बारीक रेघांचा; चौथा तुमच्या आवडीचा.

खरी मेख फिटिंगमध्ये आहे. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशीच यायला हवी. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. स्वस्त शर्टाला तो खर्च परवडत नाही. कंबर आणि लांबी मात्र सहज बदलते. पँट उलटी करून मागच्या शिवणीत २ सेंटीमीटर तरी जादा कापड आहे ना, ते पाहा. नसेल तर ती नंतर सैल करता येणार नाही.

कापड मुठीत १० सेकंद चुरगाळा. सुरकुत्या तशाच राहिल्या, तर रोज इस्त्री आलीच. निव्वळ पॉलिस्टरला घामाचा वास धरतो, म्हणून सुती-पॉलिस्टर मिश्रण बरं.

ब्लेझरची घाई नको. ते पैसे बुटांत घाला, आणि शक्य झालं की दुसरा जोड घेऊन आलटून पालटून वापरा. घामाने ओलसर झालेलं बुटाचं अस्तर एका रात्रीत पुरतं वाळत नाही.