सलाईन लावून ताकद येते का?

या महिन्याच्या पत्रांतले तीन प्रश्न घेते. उत्तरं देणारी मी कोल्हापुरातल्या मेडिसिन वॉर्डातली स्टाफ नर्स आहे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. बीपीची गोळी चालू आहे. रानातली कामं वाढली की थकतात आणि दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतात. 'एक बाटली चढली की तरतरी येते' म्हणतात. यात काही अपाय आहे का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : दादा, पुढच्या वेळी बाटलीवरचं लेबल वाचून बघा. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी सगळं पाणी. पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच चमचे. त्यातून मिळणाऱ्या कॅलरी शंभराच्या आतबाहेर. घरच्या एका ज्वारीच्या भाकरीत त्याहून जास्त मिळतात. व्हिटॅमिनचं इंजेक्शन घातलं की पाणी पिवळं दिसतं, पण त्याने ताकदीचा हिशेब बदलत नाही.

मग तरतरी कशी येते? उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, ते भरून निघतं. शिवाय तास-दोन तास माणूस पंख्याखाली निवांत पडतो. तेवढं तोंडाने प्यायलेल्या पाण्यानेही होतं.

अपायाचं विचारलंत, तर या वयात आहे. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर चढवलेलं पाणी बाहेर पडत नाही. पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठतं, रात्री आडवं झालं की धाप लागते. अशी माणसं वॉर्डात उशा रचून, बसून रात्र काढतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. खाली गेलं की गळून जायला होतं, तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' त्यात नुसत्या ग्लुकोजची बाटली चढली तर सोडियम आणखी खाली जातं. तेव्हा बाटलीआधी डॉक्टरांना रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते), हिमोग्लोबिन आणि शुगर तपासायला सांगा. थकव्याचं कारण बऱ्याचदा या कागदावर सापडतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. बीपीला बरं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर तेही सांगा. त्यात पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या पेशंटला ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सलाईन लागतं ते वेगळ्या वेळी : उलट्या थांबत नाहीत, पोटात काही टिकत नाही, माणूस गुंगीत आहे, सहा-आठ तास लघवी नाही. तेव्हा एक मिनिट दवडू नका. त्याच्या अलीकडे असाल तर ओआरएस पुरतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास होणारे मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं, म्हणून हे चालतं. आणि म्हणूनच मापाला महत्त्व आहे. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, चोवीस तासांत संपवा, उरलेलं टाका. 'कडक व्हावं' म्हणून एका पेल्यात पाकीट ओतणाऱ्या आया मी पाहते. लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

प्रश्न : सासूबाईंना शुगरच्या दोन गोळ्या आहेत. संकष्टीला संध्याकाळची गोळी घेऊन चंद्रोदयाची वाट बघत बसल्या आणि घामाने भिजून थरथरायला लागल्या. आम्ही पेढा भरवला, तरी बराच वेळ फरक पडला नाही. काय करायला हवं होतं? (एक सूनबाई, कागल)

उत्तर : ताई, घाम आणि थरथर बघून तुम्हाला शुगर उतरल्याचं कळलं, हे मोठं काम झालं. मशीन असेल तर आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच साखर. मशीन नसेल तर आकड्यासाठी थांबू नका, तसंच द्या. पेढ्यात तूप-खवा असतो, त्यामुळे त्यातली साखर रक्तात यायला वेळ लागतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. आपल्याकडे गूळ हाताशी असतो, पाण्यात विरघळवून तोही चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर तेवढंच पुन्हा. आली की भाकरी-दूध असं काहीतरी पोटात जाऊ द्या. त्या वेळी उपास धरून बसू नये.

आता गोळ्यांची पाकिटं हातात घ्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल तर साखर आणि गूळ दोन्ही रक्तात हळू येतात, कारण साखर फोडण्याचं काम ही गोळीच अडवते. ग्लुकोजला फोडावं लागत नाही. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. ग्लिमेपिराइड असेल तर शुगर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून त्यांना एकटं झोपवू नका, दवाखान्यात दाखवून आणा.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

उपास सोडा असं मी म्हणणार नाही. संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या सुमाराला उगवतो, आणि गोळी जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. त्या दिवशीची गोळी किती आणि केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना उपासाआधीच विचारा.

प्रश्न : वडिलांची हयात गुऱ्हाळावर चुलवाणाच्या धुरात गेली. आता दम्यासारखा जुना आजार आहे, सीओपीडी म्हणतात. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० दिसला की आम्ही मशीन दोन लिटरवरून पाचवर नेतो. बरोबर ना? (एक वाचक, करवीर)

उत्तर : नाही, भाऊ. या आजारात बहुतेकांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. तुमच्या वडिलांचं किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मशीनला चिकटवा. ९८ गाठायच्या नादात ऑक्सिजन वाढवला की अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखतं, माणूस पेंगुळतो, हाक मारली तरी नीट जागा होत नाही. घरच्यांना वाटतं, बरं वाटून शांत झोपलेत. ती झोप दिसली तर थेट दवाखाना गाठा.

आकडा घेताना बोट गरम हवं, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. मशीन चालू असताना त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी काहीच पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर खाट दुसरीकडे हलवा.