सोलापूर जिल्हा गॅझेटियरसारखी सरकारी पुस्तकं मुक्त परवान्यात (म्हणजे कुणालाही वापरता-वाटता येतील अशी) यावीत, तर आमदारांना भेटावं की खासदारांना?
कायदा बदलायचा असेल तर खासदार, कारण कॉपीराइट हा केंद्रसूचीतला, म्हणजे संसदेनेच कायदा करायचा विषय आहे. आमदारांकडे राज्याच्या स्वतःच्या प्रकाशनांना मुक्त परवाना देणारा शासन निर्णय मागा. माझ्या मते हेच लवकर पदरात पडेल. लोकसभा मतदारसंघ आधी बघा: बार्शी धाराशिवमध्ये येते, करमाळा-सांगोला माढ्यात.

निवेदन एकच पान. ‘ज्ञान मुक्त करा’ असं मोघम लिहिलं की ते फायलीत जाऊन बसतं. नेमकं लिहा: कॉपीराइट कायदा १९५७, कलम २८, सरकारी साहित्यावरचा ६० वर्षांचा हक्क रद्द करा. राजपत्रातला मजकूर कलम ५२(१)(क्यू)नुसार आधीच मोकळा आहे, तो पुन्हा मागू नका. खासगी विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकाचा, हट्टही नको (१९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही). त्यापेक्षा लोकसभेत लेखी प्रश्न विचारायला सांगा, आणि प्रश्नाचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या.