मोबाईलवरून बोटीची वीज : काय जोडावे, काय जोडू नये

प्रश्न : माझी ८ मीटर लांबीची फायबरची बोट देवबागच्या खाडीत असते. तिला पेट्रोलवर चालणारी दोन आउटबोर्ड इंजिने आहेत आणि विजेची सारी व्यवस्था १२ व्होल्टवर आहे. दिवे, बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा), गोड्या पाण्याचा पंप, लहान फ्रिज आणि संगीत हे सर्व मोबाईलवरून व सुकाणूजवळच्या एका पडद्यावरून चालवावे, अशी इच्छा आहे. आमच्या वायरमनच्या मते घरात बसवतात ते वाय-फायचे स्विच वापरले तर हेच काम फार स्वस्तात होईल. हे योग्य आहे का?
— एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : घरगुती स्विच बोटीवर बसवू नयेत. ते २३० व्होल्टच्या एसी विजेसाठी बनवलेले असतात. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसी करंटला अशी उसंत नसते. त्यातच पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आतले संपर्कबिंदू एकमेकांना चिकटतात आणि मोबाईलवर ‘बंद’ दिसत असताना पंप चालूच राहतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते. टाकीच्या कप्प्यात किंवा त्याला जोडलेल्या जागेत ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या खास बनावटीचीच उपकरणे चालतात. डब्यावर ‘आयपी ६७’ हा पाणी-धूळरोधकतेचा दर्जा लिहिला आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ती चाचणी १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांची असते, आणि खाऱ्या वाऱ्यात वर्षभर राहिल्यावर जोडांचे काय होते, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

बोटींसाठीची खरी स्वयंचलित व्यवस्था वेगळ्या तत्त्वावर चालते. जुन्या पद्धतीत प्रत्येक दिव्याची आणि पंपाची तार बॅटरीपासून सुकाणूजवळच्या पॅनेलपर्यंत येते आणि तिथून पुन्हा उपकरणापर्यंत जाते. नव्या पद्धतीत जाड तारांची एकच जोडी उपकरणांजवळच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यापर्यंत, नेतात आणि चालू-बंद करण्याचा आदेश तेवढा बारीक केबलमधून जातो. ही केबल बहुधा ‘एनएमईए २०००’ या, बोटीवरची उपकरणे एकमेकांशी जोडणाऱ्या, पद्धतीची असते. तिच्या मुळाशी बॉश कंपनीने मोटारगाड्यांसाठी विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केलेली ‘कॅन’ ही संदेशव्यवस्था आहे. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोध) लागते आणि तिच्यातून उपकरणाकडे निघणारी फांदी ६ मीटरपेक्षा लांब असू नये. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही, आणि ४० दिसले तर कोणीतरी तिसरे बसवून ठेवले आहे. पडद्यावरचे आकडे मधूनच नाहीसे होतात, अशी तक्रार असेल तर पडद्याला दोष देण्याआधी हे माप घ्यावे.

इतके सांगितल्यावर माझे स्पष्ट मत असे की, ८ मीटरच्या आणि सहा-आठ सर्किटांच्या बोटीला एवढ्या व्यवस्थेची गरज नाही. १२ मीटरच्या पुढच्या, शयनकक्ष असलेल्या नौकेत तारांचा भार आणि गुंता खरोखर कमी होतो. तुमच्या बोटीत ब्रेकरचे साधे चांगले पॅनेल आणि बॅटरीचा मॉनिटर पुरे आहे. पहिला खर्च तारांवर करावा. बॅटरीपासून नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) शोधदिव्यापर्यंत ६ मीटर अंतर आहे असे धरले तर जाऊन-येऊन १२ मीटर तार होते. दिवा १० अँपिअर ओढत असेल आणि तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच जवळजवळ १ व्होल्ट, म्हणजे ८ टक्के, गळतो. तीच तार १० चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टच्या आत येते. ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’च्या मानकानुसार मार्गदर्शक दिवे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांसाठी ही गळती ३ टक्क्यांपर्यंत आणि इतर बहुतेक कामांसाठी १० टक्क्यांपर्यंत चालते. तार कलई केलेल्या तांब्याचीच घ्यावी, कारण साध्या तांब्याच्या तारेत टोकाकडून खारे पाणी आत शिरते आणि आवरणाखाली दूरवर तार काळी पडलेली असते, ती बाहेरून कळतही नाही. जोड दाबून म्हणजे क्रिंप करून घ्यावेत आणि त्यांवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी.

तरीही आपण मोबाईलवरचे नियंत्रण बसवणारच असाल, तर बिल्ज पंप त्यात गुंतवू नये. पंप आणि त्याचा तरंगता स्विच वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडावा, मुख्य स्विच बंद असला तरी तो चालला पाहिजे. नियंत्रणव्यवस्थेने फक्त पाळत ठेवावी : पंप दिवसातून किती वेळा लागला, किती वेळ चालला. एरवी दोनदा लागणारा पंप अचानक दहादा लागू लागला, तर तळात पाणी कुठून येते आहे, हे बोट बुडण्याआधी शोधता येते, आणि या सगळ्या यंत्रणेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. लाल, हिरवे व पांढरे मार्गदर्शक दिवे समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरवलेले असल्यामुळे मॉड्यूल बंद पडले तरी ते हाताने लावता यावेत, अशी सोय असलेलेच मॉड्यूल घ्यावे. इंजिन सुरू करण्याचे सर्किटही वेगळेच ठेवावे. संध्याकाळी खाडीच्या मुखाशी लाटा उठत असताना तांडेलाने मोबाईलचा पासवर्ड आठवत बसावे, अशी वेळ येता कामा नये. फ्रिज आणि संगीत खुशाल मोबाईलवर घ्या.

प्रश्न : गेल्या वर्षी मी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली. पडद्यावर दिवसभर १३.२ व्होल्ट दिसतात आणि मग एकाएकी सगळे बंद पडते. बॅटरी खराब आहे का?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : बहुधा नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी स्थिर असताना पूर्ण भरलेली असेल तर सुमारे १२.७ आणि निम्मी असेल तर १२.२ व्होल्ट दाखवते, म्हणून व्होल्टवरून अंदाज बांधता येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ८० टक्के आणि ४० टक्के यांत जेमतेम एक-दोन दशांश व्होल्टचा फरक असतो. शेवटी मात्र व्होल्टेज झपाट्याने कोसळते आणि आतली संरक्षक यंत्रणा बॅटरी तोडते. यासाठी शंट (करंट मोजण्यासाठी तारेच्या वाटेत बसवायचा अचूक, अगदी लहान रोध) असलेला मॉनिटर लागतो, जो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. शंट ऋण टोकाजवळ बसवून सर्व ऋण तारा त्याच्या पलीकडच्या बाजूला जोडाव्यात. एखादी तार थेट बॅटरीला राहिली तर हिशेब चुकतच जातो.

आपण लिहिले नाही, पण बहुधा इंजिनाचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजनिर्मितीचे यंत्र) हीच बॅटरी भरत असावा. तसे असेल तर काळजी घ्यावी. पूर्ण वेगात चार्जिंग चालू असताना संरक्षक यंत्रणेने बॅटरी तोडली की अल्टरनेटरच्या करंटला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि त्याचे डायोड जळू शकतात. इंजिनासाठी लेड-अ‍ॅसिड बॅटरीच ठेवावी आणि तिच्यापासून डीसी-टू-डीसी चार्जरने लिथियम भरावी. लिथियम बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात ठेवू नये; अनेक उत्पादकांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कप्पा ती सहज ओलांडतो.

प्रश्न : मे अखेरीस बोट वर काढून शाकारून ठेवतो. मुख्य स्विच बंद असूनही नारळी पौर्णिमेला बॅटरी मेलेली असते.
— एक वाचक, मांडवा (ता. अलिबाग)

उत्तर : मुख्य स्विचच्या आधीच काहीतरी जोडलेले असणार; जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा मोबाईलला संदेश पाठवणारे यंत्र. ते नुसते ५० मिलिअँपिअर ओढत असले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि १०० अँपिअर-अवरची बॅटरी ८३ दिवसांत रिकामी होते. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून धन तारेच्या मध्ये लावला की हे लगेच कळते. मात्र त्या वेळी इंजिन किंवा मोठा पंप सुरू करू नये, मीटरचा फ्यूज उडेल. पावसाळ्यात दोन्ही टोके सोडवून लेड-अ‍ॅसिड बॅटरी घरी आणावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण भरावी. लिथियम असेल तर निम्मी भरून ठेवावी. ताडपत्रीखाली झाकलेल्या सौर पॅनेलवर विसंबू नये. आणि बिल्ज पंपासाठी बॅटरी बोटीवरच हवी असे वाटत असेल तर नाळ थोडी उंच ठेवून पिछाडीच्या तळाचे बूच काढावे, म्हणजे पावसाचे पाणी आपोआप निघून जाईल आणि पंपाची गरजच राहणार नाही. काढलेले बूच सुकाणूला बांधून ठेवावे.